डाव्या हाताची नाडी

माझी नाडी एकदा गेली होती. म्हणजे वैद्यबुवांनी तसं सांगितलं, घरच्यांनी ते ऐकलं, आणि खोटं कशाला बोलू, मलाही ते पटलं. मी बोलत होते, पाणी मागत होते, कानाशी गुणगुणणाऱ्या डासाला शिव्या हासडत होते, आणि तरीही आपण आता चार दिवसांचे सोबती, असं धरून पडले होते. नातवंडांना सांगते तर ती पोट धरून हसतात. हसा म्हणावं. माझ्या जागी असता तर तुम्हीही खाटेवर निमूट पडून राहिला असता.

निजामाचं राज्य होतं, पुढचा रझाकारांचा धिंगाणा अजून सुरू व्हायचा होता. माझं माहेर लातूरचं, सासर नांदेडचं. सासरे मी लग्न होऊन यायच्या आधीच गेलेले. घरात सासूबाई, थोरले दीर, ज्यांना मी भावजी म्हणायची, जाऊबाई, माझा नवरा आणि आमची नुकतीच पावलं टाकायला लागलेली मुलगी, एवढीच माणसं. नवरा तहसील कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून होता. दिवसभर उर्दूत लिहायचा आणि घरी आला की कुठल्याच भाषेत बोलायचा नाही. भावजींच्या समोर तर माझ्याकडं बघायचासुद्धा नाही. तशी रीतच होती म्हणा, पण हा जरा जास्तच रीतीचा होता.

जाऊबाई हदगावकडच्या खेड्यातल्या, शेतकऱ्याघरच्या. अंगानं धिप्पाड, आवाज मोठा, बोलणं रोखठोक. परसातल्या आडावरून डोक्यावर दोन घागरी घेऊन यायच्या आणि येता येता कुणाशी तरी भांडायच्या, पण पाण्याचा थेंब सांडायचा नाही. त्यांना मूल नव्हतं. लग्नाला किती वर्षं झाली हे त्यांच्यापुढं कुणी मोजत नसे आणि पाठीमागं सगळेच मोजत. माझ्या मुलीला त्या हात लावायच्या नाहीत. मला वाटायचं, काय बाई दगडाच्या काळजाची आहे! पुढं कळलं की माझं बाळंतपण व्हायच्या आधीच सासूबाईंनी त्यांना बजावून ठेवलं होतं, तान्ह्याला तू घेऊ नको म्हणून. आणि ही एवढी भांडखोर बाई तेवढ्या एका गोष्टीवर कधी भांडली नाही.

माझं दुखणं म्हणाल तर ते तापाच्या फार आधीचं. डावा हात. केस विंचरायला वर केला की पांढराफटक पडायचा. बोटांत मुंग्या यायच्या आणि करंगळीला तर आपली म्हणायची सोय नव्हती. वलणीवर लुगडं टाकायला जावं तर लुगडं खाली आणि मी नुसती बघत उभी. डोक्यावरची घागर डाव्या हातानं धरली की आडापासून सैपाकघरापर्यंत येईतो हात मेलेला. मानेपासून खांद्यात एक कळ यायची, ती कोपरातून खाली उतरायची. भाकरी थापताना एक कड पातळ आणि दुसरी जाड व्हायची. सासूबाई ती भाकरी उजेडाकडं धरून बघायच्या आणि म्हणायच्या, "लातूरला अशीच खातात काय गं? अर्धी तुम्ही आन् अर्धी म्हशीनं?"

हात खाली सोडून जरा वेळ बसलं की सगळं ठीक. त्यामुळं कुणाला खरंच वाटेना. वारं गेलं असेल म्हणून रुईची पानं गरम करून शेकलं. दृष्ट काढली. दंडाला गंडा बांधला, तो घामानं कुजून पडला, मग दुसरा बांधला. तेल चोळून चोळून माझ्या चोळ्या खराब झाल्या, हात जिथल्या तिथं. शेवटी सगळ्यांनी एकमतानं ठरवलं की ही कामचुकार आहे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दुखणं परवडलं, पण दुखत असताना ढोंगी म्हणवून घेणं, देवा रे!

आणि त्या पावसाळ्याच्या शेवटाला मला हिवताप आला. गोदावरीला पूर येऊन गेला की नांदेडात घरोघर हुडहुडी भरायची, त्यात नवल काही नव्हतं. पण माझा ताप उतरेना. वैद्यबुवांना बोलावलं.

आमच्याकडं बायकांना गोषा होता. हैदराबादी राज्यातल्या बऱ्याच घरांनी तो उचललेला. परपुरुष आला की पडदा. वैद्यबुवा सत्तरीचे, केसांची पार चांदी झालेली, तरी परपुरुषच. शिवाय नाडी बघायची त्यांची रीत ठरलेली, पुरुषाची उजवी आणि बाईची डावी. तेव्हा मी खोलीत, ते दाराबाहेर पाटावर, मधे पडदा, आणि पडद्यातून माझा डावा हात बाहेर. पहिल्यांदा मी उठून बसू शकत होते. दाराशी बसले, हात सरळ पुढं केला. वैद्यबुवा म्हणाले, नाडी बारीक आहे पण आहे. काढा दिला.

मग मला उठवेना. माझी खाट दाराला लागून होती, उशी दाराकडं. आता हात बाहेर द्यायचा तर डोक्यावरून मागं, पडद्याखालून काढावा लागे. आणि हात दिला की मान भिंतीकडं वळवायची, श्वास धरून ठेवायचा, कारण वैद्याला आपला कण्हण्याचा आवाज जाणं बरं दिसत नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, सगळ्या बायका तसंच करायच्या. वैद्यबुवांनी बोटं टेकवली. बराच वेळ टेकवून बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग मला पडद्याबाहेर त्यांचा हलका आवाज ऐकू आला. ते भावजींना सांगत होते, "नाडी लागत नाही. हातही गार पडलाय. कुणाला बोलवायचं असेल तर बोलावून घ्या."

त्यांचा शब्द खोटा ठरल्याचं आमच्या भागात कुणी ऐकलं नव्हतं. नाडी बघून त्यांनी दिवस सांगितले की माणसं त्याप्रमाणे तयारीला लागत. सासूबाई दाराशीच बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. कामचुकार म्हणणारी बाई ती, माझ्या पायाला हात लावून म्हणाली, "पोरी, मला माफ कर." मी घाबरले ते तेव्हा. सासूनं माफी मागितली म्हणजे आपलं काही खरं नाही!

लातूरला माझ्या वडिलांना निरोप गेला. आणि मी पडल्या पडल्या एकाच गोष्टीचा विचार करायला लागले, माझ्या मुलीचा. मी गेले की नवऱ्याचं दुसरं लग्न होणार, यात काही वाईट वाटून घेण्यासारखं नव्हतं, जगरहाटीच ती. पण येणारी कोण असेल, कशी असेल? माझं लेकरू सावत्र आईच्या हाताखाली चुलीपाशी बसलेलं मला दिसायला लागलं. मला तापापेक्षा त्यानंच जास्त भाजून काढलं.

मी जाऊबाईंना बोलावलं. सासूबाई, भावजी, नवरा, सगळ्यांसमोर. देवघरातलं निरांजन आणून ठेवायला लावलं, नारळ आणि तांदूळ मागितले. जाऊबाई खाटेपाशी आल्या. मी म्हटलं, "पदर पसरा." त्यांना कळेचना. मग कळलं आणि त्यांनी तिथंच खाली बसून पदर पसरला. मी उजव्या हातानं त्यांच्या पदरात तांदूळ टाकले, नारळ ठेवला, आणि सासूबाईंच्या कडेवरची मुलगी त्यांच्या ओटीत द्यायला सांगितली. म्हटलं, "आजपासून ही तुमची. देवासमोर देते आहे. दुसरी कुणीही घरात आली तरी हिची आई तुम्ही."

मुलीला ओटीत घेताना जाऊबाईंच्या पदरातला नारळ घरंगळून खाटेखाली गेला. मुलगी त्यांच्याकडं टकमक बघत राहिली. तिला त्या हातांची सवयच नव्हती. जाऊबाई पदरात तांदूळ आणि मूल, दोन्ही एकदम सांभाळत उठल्या आणि गेल्या. सासूबाईंनीही ह्या वेळी अडवलं नाही.

त्यानंतर मुलगी मला दाखवायची नाही, असं ठरलं. लेकरू डोळ्यांपुढं असलं की जाणाऱ्याचा जीव त्याच्यात अडकतो, म्हणे. तिला आतल्या खोलीत ठेवली, जाऊबाईंकडं. मला फक्त आवाज यायचा. पहिल्यांदा रडण्याचा, मग कमी रडण्याचा. आणि माझं अंग दुधानं ठणकायचं. हे मी कुणाला सांगणार?

एक मात्र चांगलं झालं. जाणाऱ्या बायकोपाशी बसायला नवऱ्याला मोकळीक मिळाली. भरदिवसा, भावजी घरात असताना, तो कचेरीत न जाता माझ्या खाटेशी जमिनीवर बसला. डावीकडं भिंत, म्हणून उजवीकडं. मग त्यानं माझा उजवा हात हातात घेतला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पोर झाली, पण उजेडात त्यानं माझा हात धरलेला तो पहिलाच दिवस. मला वाटलं, हे बघायला मिळालं, आता मेलं तरी चालेल. आणि लगेच वाटलं, मेल्या, आधी का नाही धरलास!

तो धरून बसला होता. मग त्याचा चेहरा बदलला. त्यानं मनगट घट्ट धरलं, बोटं सरकवली, पुन्हा धरलं.

"अगं," तो म्हणाला, "ही चालू हाय की!"

"काय?"

"नाडी. चांगली उड्या मारून राहिली. हे बघ."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

"मला कळत न्हाई, पर माझ्या बोटाला लागतंय ना!"

त्यानं स्वतःचं मनगट धरलं, माझं धरलं, पुन्हा स्वतःचं. मग उठला आणि जो गेला तो डोक्याला टोपीसुद्धा न घालता. बोडक्यानं उंबऱ्याबाहेर पाऊल न टाकणारा माणूस तो. भावजी ओरडले, "अरे, कुठं निघालास?" आणि ह्या रीतीच्या माणसानं थोरल्या भावाला उत्तर दिलं नाही.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबांना घेऊनच तो परत आला. हैदराबादेत शिकलेले, वयस्क, मुसलमान गृहस्थ, दाढी मेंदीनं रंगवलेली. पडदा बघून ते दाराशी थांबले. मी रिवाजाप्रमाणे डावा हात डोक्यावरून मागं दिला, मान वळवली, श्वास धरला. त्यांनी नाडी बघितली. मग म्हणाले, "अम्मा, पर्दा हटाव. मेरे कू हात नक्को, बेटी देखनी है."

सासूबाई चुळबुळल्या. भावजींच्या कपाळाला आठ्या पडल्या. नवऱ्यानं पडदा हातानं बाजूला केला आणि धरूनच उभा राहिला.

डॉक्टरांनी माझा हात खाली आणून अंगालगत ठेवला, मान सरळ करायला सांगितली. मग त्याच डाव्या मनगटावर बोटं ठेवली आणि हसले. "है ना! किदर गई थी?" त्यांनी माझा हात हळूहळू वर नेला, मान भिंतीकडं वळवायला लावली. "ये देखो, गई." हात खाली आणला. "ये आई." नवऱ्याला बोलावलं, त्याची बोटं ठेवायला लावली, भावजींनाही. माझा हात खाली-वर, खाली-वर, आडावरच्या रहाटासारखा. मग त्यांनी माझ्या गळ्याच्या हाडाच्या वर, मानेच्या बुडाशी बोट दाबलं. तिथं टणक काहीतरी होतं, आणि दाबताच ती जुनी कळ खांद्यातून थेट करंगळीपर्यंत गेली. मी किंचाळले.

"अल्लामियां ने एक पसली फालतू दे दी," डॉक्टर म्हणाले. मग आमच्यासाठी नीट उलगडून सांगितलं. काही माणसांना मानेच्या शेवटच्या मणक्याला जन्मतःच एक जादा बरगडी असते, छोटीशी. हाताकडं जाणारी रक्ताची मोठी नस आणि मज्जातंतू तिच्यावरून जातात. हात वर गेला, मान वळली, खांद्यावर ओझं आलं की हाडाच्या आणि स्नायूच्या बेचक्यात ती नस चेपते. मग हात पांढरा, गार, बधिर, आणि नाडी बंद. बाकीचं माणूस ठणठणीत. ताप वेगळा होता, साधा हिवताप. त्यावर कोयनेलच्या गोळ्या देतो म्हणाले. पुढं कधीतरी हैदराबादला मानेचा फोटो काढला तेव्हा त्यात तो हाडाचा तुकडा दिसलाही.

मला सगळ्यात आधी काय वाटलं असेल? जगणार म्हणून आनंद? तो नंतर. पहिल्यांदा वाटलं, बघा! बघा, मी कामचुकार नव्हते! मी सासूबाईंकडं असं बघितलं की त्या भिंतीकडं बघायला लागल्या.

वैद्यबुवांना कळलं तसे ते काठी टेकत आले. भावजींनी त्यांना बोलायला सुरुवात केली, पण ते ऐकतच नव्हते. त्यांनी पडदा काढायला लावला, माझी दोन्ही मनगटं धरली, हात वर करून बघितला, खाली करून बघितला. म्हातारा लहान मुलासारखा हसायला लागला आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाले, "पोरी, माझं खरं व्हायचं राहिलं, लई बरं झालं." त्यांच्यावर राग धरायचा माझा विचार होता, तो तिथंच बारगळला.

डॉक्टरांनी जाताना बजावलं होतं. डोक्यावर घागर नाही, वलणीवर धुणं नाही, जात्यावर दळण नाही. डाव्या हातानं आणि खांद्यानं ओझं उचलायचं नाही. निदान काही महिने तरी पूर्ण आराम, मग खांद्याचे स्नायू सुधारले की बघू. आणि दाराबाहेर जाऊन पुन्हा मागं वळून म्हणाले, "बच्चे कू कडेवर नक्को लेव, बेटी." त्यांना ठाऊक नव्हतं की मूल आता माझं राहिलंच नाही.

कारण मुलगी परत आली नाही. ताप उतरला, मी उठून बसायला लागले, पेज जाऊन भात आला, आणि आतल्या खोलीचं दार तसंच. मी वाट बघायची, आज आणतील, आत्ता आणतील. शेवटी सासूबाईंना विचारलं. त्या हळूच म्हणाल्या, "ओटीत घातलेलं लेकरू परत मागत नसतात गं. देवासमोर दिलंस. अवलक्षण होईल." नवऱ्याकडं बघितलं. हाताची नाडी शोधून काढणारा माझा शूर नवरा खाली मान घालून बसला. थोरल्या भावाच्या दारात जाऊन त्याच्या बायकोकडून मूल मागायचं, हे त्याच्यानं होण्यासारखं नव्हतं. आणि मी तरी कुठल्या तोंडानं मागणार होते? माझ्याच तोंडानं दिलं होतं.

आतून आवाज यायचे. आता रडण्याचे नव्हते. जाऊबाई आपल्या त्या मोठ्या आवाजात तिला काहीतरी सांगायच्या आणि ती खदखदा हसायची. तिचं प्रत्येक हसणं मला डागल्यासारखं व्हायचं. मी जाऊबाईंचा मनापासून द्वेष केला त्या दिवसांत. सटवी, मनात म्हणायची, दगडाच्या काळजाची, माझं लेकरू गिळून बसली. दूध आपोआप आटलं. मरायला निघाले होते तेव्हा मी इतकी रडले नव्हते.

लातूरहून वडील आले. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. पुतळ्यासारखा ताठ माणूस, पण मला बसलेली बघून दारातच ढसाढसा रडले. त्यांनी सासूबाईंशी बोलून ठरवलं, पोरीला आरामाला माहेरी नेतो, इथं सासरी तिला कोण बसू देणार आणि तिला तरी बसवेल का! सासूबाई हो म्हणाल्या. मग आप्पांनी विचारलं, "आणि नात?"

सासूबाई आतल्या खोलीच्या दाराकडं बघायला लागल्या. मी आप्पांना म्हटलं, मला नाही यायचं. तिचा निदान आवाज तरी इथं ऐकू येत होता. पण आप्पांनी माझं ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारीची वेळ झाली. मी नेसून खाटेवर बसले होते, गाठोडं शेजारी. जाऊबाई आल्या. हातात ताट, त्यात हळदीकुंकू, खण, तांदूळ, नारळ. माहेरी निघालेल्या सुनेची ओटी भरायची म्हणून आल्या असणार. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. उजव्या हातानं पदर पसरला, उपकार केल्यासारखा. त्यांनी कुंकू लावलं, खण ठेवला, तांदूळ घातले, नारळ ठेवला. आटपा आता, मी मनात म्हटलं.

त्या बाहेर गेल्या आणि मुलीला घेऊन आल्या. आणि तिला त्या तांदळांत, नारळाशेजारी, माझ्या मांडीवर ठेवली.

"देव साक्षी होता ना देताना?" त्या म्हणाल्या. "आताबी हाय. बघू दे त्याला. मरणाऱ्या बाईकडून घेतली होती मी. जित्या बाईचं लेकरू ठेवून मी काय करू?"

मुलगी तांदूळ मुठीत धरून तोंडात घालत होती. सासूबाई दारातून म्हणाल्या, "अगं, असं परत देत नसतात..."

"गप बसा, आत्याबाई," जाऊबाई म्हणाल्या. "इतकं दिस तुमचंच ऐकलं." मग माझ्याकडं वळून, "हाव, लई दिस ठेवली. रोज सकाळी ठरवायची, आज देते. आन् रोज ही माझ्याकडं बघून हसायची. मग म्हणायची, उद्या देते. तू शिव्या घातल्या असशील."

"घातल्या," मी म्हटलं.

"बरं केलंस."

आम्ही दोघी एकदम रडायला लागलो. आणि रडता रडता मी मुलीला उचलून छातीशी धरायला गेले तर डावा हात वर येईचना, कळ मस्तकात गेली, मुलगी एका बाजूला कलंडली. जाऊबाईंनी तिला अलगद झेललं आणि आपल्या कडेवर घेतलं.

"डॉक्टरनं काय सांगितलं? उचलायची न्हाई. मग हिला तिकडं घेणार कोण? तुझी म्हातारी आई?" त्यांनी दाराआडून एक गाठोडं पुढं ओढलं. बांधून तयार होतं. "मी येतेय लातूरला."

माहेरी पोचवायला दीर जातो हे ऐकलं होतं, जाऊ जाते हे मी कधी ऐकलं नव्हतं. मी घाबरून विचारलं, "भावजींना विचारलं का?"

"विचारलं न्हाई. सांगितलं."

मोटारीत आप्पा पुढं बसले, आम्ही दोघी मागं, मुलगी जाऊबाईंच्या मांडीवर झोपलेली. वाटेत त्या पहिल्यांदाच स्वतःबद्दल बोलल्या. आई त्यांना जन्म देतानाच गेलेली, वडील त्यांच्या लग्नाच्या वर्षीच. भाऊ नाही. माहेर म्हणून त्या कुठं गेल्याच नव्हत्या कधी. इतकी वर्षं एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

लातूरला घराशी पोचलो तेव्हा ऊन कडक होतं. आई उंबऱ्यात भाकरतुकडा घेऊन उभी होती. तिनं तो माझ्यावरून ओवाळला, मग काहीच न विचारता जाऊबाईंवरूनही ओवाळला, आणि लांब टाकला. मग तिनं नातीकडं हात पसरले. "ये गं माझी बाय, ये."

मुलीनं आजीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी उजवा हात पुढं केला. ती घाबरून मागं वळली, दोन्ही हातांनी जाऊबाईंचा गळा घट्ट धरला, त्यांच्या खांद्यावर तोंड लपवलं आणि रडायला लागली. जाऊबाई तिची बोटं एक एक सोडवायला लागल्या. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. "अगं, ती बघ आई," त्या तिला म्हणत होत्या, "आईकडं जा ना, माझे बाई."

आई माझ्या तोंडाकडं बघत होती, मी काय करते ते. मी जाऊबाईंचा हात धरून थांबवला.

"राहू दे आई," मी म्हटलं. "ती आपल्या आईकडंच आहे."

जाऊबाईंनी मुलीला कडेवर नीट घेतलं, दुसऱ्या हातानं माझं गाठोडं उचललं आणि म्हणाल्या, "चल, आत चल. उन्हात उभी नको राहू."